अविश्वासाचा भुर्दंड

शाळा आणि त्यांचे मध्यवर्ती प्रशासन यांच्यातील परस्परविश्वास हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय ऐकताच तो सद्भावनेचा आणि उपदेशाचा वाटण्याचा संभव आहे. शिक्षकाने निष्ठेने शिकवावे, अधिकाऱ्याने सहानुभूतीने वागावे, असे चार शब्द बोलून तो संपविताही येईल. तथापि हा विषय मुळात पैशाचा, वेळेचा आणि अधिकाराचा आहे. म्हणून त्याची सुरुवात एका अगदी साध्या वस्तूपासून, मुलांच्या गणवेशापासून, करणे सोयीचे होईल.

समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश द्यावयाचे असतात. एका गणवेशास ३०० रुपये, दोहोंस ६०० रुपये, असा दर ठरलेला. पूर्वी हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर येई. समिती तालुक्याच्या दुकानातून कपडे घेई अथवा गावातल्या शिंप्याकडून शिवून घेई. कापड निकृष्ट निघाले तर जाब विचारण्यास आईबाप चालत जाऊ शकत. २०२३ मध्ये राज्य शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' हे धोरण जाहीर केले. त्याच सुमारास, पूर्वी या लाभातून वगळलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचे ठरले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु २०२४-२५ या वर्षासाठी व्यवस्था बदलली. कापडाची खरेदी मध्यवर्ती पद्धतीने व्हावयाची आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे द्यावयाची, असे ठरले. समितीकडे दुसऱ्या, स्काऊट-गाईडच्या गणवेशाची तेवढी शिलाई उरली, आणि तिचा दर १०० रुपयांच्या आसपास होता. त्या दरात गावातला शिंपी हो म्हणेना.

जून २०२४ मध्ये शाळा उघडल्या. गणवेश आले नाहीत. कोठे कापड आले तर शिलाई नाही, कोठे शिवलेले कपडे आले तर मापे चुकलेली. आठवीच्या मुलाला पाचवीच्या मुलाचा सदरा आला आणि पहिलीच्या मुलीचा झगा पायांत घोटाळू लागला. मुख्याध्यापक वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवीत आणि वरचे कार्यालय पुरवठादाराकडे. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. चुकलेला निर्णय मागे घेतला याबद्दल शासनास दोष देण्याचे कारण नाही. मात्र मधल्या वर्षी सुमारे ४४ लाख मुलांचा प्रश्न होता, आणि ते वर्ष त्या मुलांना परत मिळणारे नाही.

घाऊक खरेदीत वस्तू स्वस्त पडते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे आणि तो खोटा नाही. पण तो पाठ सर्व नगांचे माप एक असते अशा वस्तूंना लागू पडतो. मुलाचे माप शाळेत असते. ते कागदावर लिहून मुंबई-पुण्यास पाठविता येते, परंतु ते तेथे पोहोचून कापडाच्या रूपाने परत येईपर्यंत मूल वाढलेले असते. जी माहिती जेथे निर्माण होते तेथेच ती वापरण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. कोणताही शिंपी ते जाणतो. मग शासनास ते का उमगले नाही? कारण निर्णयाच्या मुळाशी केवळ काटकसर नव्हती. समित्या आणि मुख्याध्यापक खरेदीत हात मारतात ही शंकाही होती. शंका दूर करण्याकरिता जी यंत्रणा उभी केली तिच्या खर्चाची मोजदाद मात्र कोणी केली नाही. अविश्वासालाही किंमत असते, आणि ती अंदाजपत्रकाच्या कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही.

शंकेला आधार आहे

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. प्रशासनाची शंका निराधार नाही. ऑक्टोबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात तीन दिवसांची पटपडताळणी झाली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. नांदेड जिल्ह्यात बोगस विद्यार्थ्यांचे प्रकरण उघडकीस आले होते. हजेरीपटावर नावे होती, मुले नव्हती. त्या नावांवर शिक्षकांची पदे मंजूर होत, अनुदान मिळे, शालेय पोषण आहाराचा तांदूळ उचलला जाई. म्हणून शासनाने महसूल व इतर खात्यांचे कर्मचारी राज्यभरच्या शाळांत धाडले आणि एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये यासाठी, मतदानाच्या वेळी लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावली. पटावरची लाखो नावे खोटी असल्याचे त्यातून दिसून आले. ही सार्वजनिक पैशाची उघड चोरी होती आणि तिच्यात खाजगी संस्थाचालकांचा वाटा फार मोठा होता. शिक्षकांच्या संघटनांनी आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींनी त्या वेळी जितक्या स्पष्टपणे बोलावयास हवे होते तितके ते बोलले नाहीत. ज्यांना प्रशासनाकडून विश्वास हवा आहे त्यांनी आपल्यातील अप्रामाणिकपणाला पाठीशी घालता कामा नये. हा हिशेबाचा पहिला जमाखर्च आहे.

परंतु त्याच घटनेचा दुसराही अर्थ आहे. खोटा पट एका सहीने टिकत नाही. मुख्याध्यापकाची सही खाली असते. वर विस्तार अधिकाऱ्याची, गटशिक्षणाधिकाऱ्याची, शिक्षणाधिकाऱ्याची सही असते. तपासण्या दरवर्षी होत होत्या, शेरेबुके भरत होती, विवरणपत्रे वेळेवर जात होती. म्हणजे संशयावर उभी असलेली देखरेख वर्षानुवर्षे चालू असतानाच ही चोरी घडली. कागद तपासणाऱ्या यंत्रणेला कागद पुरविले की ती तृप्त होते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. आणि शाई मात्र सर्वांच्या बोटांना लागली. डोंगरातल्या वाडीवर पंधरा मुलांची शाळा प्रामाणिकपणे चालविणाऱ्या गुरुजींच्या मुलांनाही बोट पुढे करावे लागले. चोरी कोणी केली हे शोधून त्यास शिक्षा करणे अवघड असते, सर्वांना सारखे संशयित मानणे सोपे असते. प्रशासन बहुधा सोपा मार्ग धरते.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

हा प्रश्न आजचा नव्हे. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी नवी नियमावली आणली. वर्षाकाठी निरीक्षक शाळेत यावयाचा, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत परीक्षा घ्यावयाची आणि मूल उत्तीर्ण होईल त्या प्रमाणात शाळेस पैसे मिळावयाचे. 'निकालानुसार अनुदान' या नावाने ती पद्धत प्रसिद्ध आहे. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती चालविली गेली. वरवर पाहता ती निर्दोष वाटते, कारण काम केले तर दाम. प्रत्यक्षात काय झाले? परीक्षेत येणारे पुस्तक मुलांना तोंडपाठ करविले जाऊ लागले. जे परीक्षेत नाही ते शिकविण्याचे बंद झाले. शिक्षक निरीक्षकाचा शत्रू बनला आणि निरीक्षकास चकविणे ही त्याची कला झाली. मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रज कवी स्वतः शाळांचा निरीक्षक होता. त्याने आपल्या शासकीय अहवालांतून या पद्धतीस सातत्याने विरोध केला. १८९० च्या दशकात इंग्लंडने ती सोडून दिली. भारतात ती विसाव्या शतकाच्या आरंभी निकालात निघाली.

त्या प्रयोगातून मिळालेला नियम आजही खरा आहे. ज्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून असते तो आकडा फार काळ खरा राहत नाही. खरी माहिती दिल्यास नुकसान होईल अशी भीती घातली की खालून खरी माहिती येणे थांबते. मग ती मिळविण्यासाठी वरून आणखी नियंत्रण येते. आणि नियंत्रण वाढले की माहिती आणखी खोटी होते. आपल्या खेड्यांत जुन्या काळी 'दिपोटी' येणार म्हटले की शाळा सारवली जाई, पाहुण्यांच्या पाठाची तालीम होई आणि कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी राहण्यास सांगितले जाई. दिपोटी गेले, विवरणपत्रांची जागा संगणकाने घेतली. तालीम तशीच राहिली.

२०१५ मध्ये 'सरल' ही संगणकीय प्रणाली आली. मुलांची व शिक्षकांची माहिती एकदाच भरावी आणि पुन्हा पुन्हा मागू नये, हा तिचा सांगितलेला हेतू रास्त होता. पण त्यानंतरही निरनिराळ्या कार्यालयांकडून तीच माहिती निरनिराळ्या नमुन्यांत मागितली जात राहिली. २०१६ च्या नोव्हेंबरात तर दर सोमवारी शिक्षकाने दहा-दहा मुलांच्या गटासह आपले छायाचित्र काढून प्रणालीवर चढवावे, असा आदेश निघाला. विरोध झाल्यावर तो मागे पडला. तो अमलात आला असता तर गैरहजर मुले शाळेत आली असती काय? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर जे मूल गेले ते छायाचित्रात नाही, हे शिक्षकास छायाचित्राविनाही ठाऊक असते. त्या मुलास परत आणण्यासाठी कोणती मदत मिळेल, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

अलीकडच्या वर्षांत संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेस किती शिक्षक द्यावयाचे हे ठरविण्यासाठी, आधार-पडताळणी झालेली पटसंख्या धरली जाऊ लागली. २०११ चा अनुभव पाहता पडताळणी नको असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मुलाच्या आधारपत्रावर नाव चुकले, जन्मतारीख जुळली नाही, अथवा ज्याचे आधारपत्रच नाही, ते मूल बाकावर बसलेले असूनही मोजणीत नसते. अशी मुले कोणाची असतात? भटक्यांची, स्थलांतरितांची, आदिवासी पाड्यांवरची. सुस्थित घरातल्या मुलाचे कागद सहसा बिनचूक असतात. म्हणजे संशयाची चाळण लावली की तिच्यातून नेमकी ती मुले खाली पडतात ज्यांच्यासाठी सरकारी शाळा आहे. अविश्वासाचा भुर्दंड सर्वांवर सारखा पडत नाही. तो सर्वांत गरिबाकडून प्रथम वसूल होतो.

एका तासाचे गणित

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकास दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका याखेरीज अन्य अशैक्षणिक कामास लावण्यास मनाई केली आहे. माहिती भरणे हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, यावर वाद घालता येईल. पण गणित सरळ आहे. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असलेली खेड्यातली शाळा घ्या. त्यांपैकी एका शिक्षकाचा रोज केवळ एक तास दूरध्वनीवर आलेले आदेश वाचण्यात, तक्ते भरण्यात आणि छायाचित्रे पाठविण्यात जातो असे समजा. वर्षाचे २०० तास झाले, म्हणजे त्या शिक्षकाच्या अध्यापनवर्षाचा चौथा हिस्सा. त्या तासात दोन इयत्तांची मुले एकतर दुसऱ्या वर्गात कोंबली जातात किंवा व्हरांड्यात पाढे म्हणत बसतात. हा तास कोणत्याही अहवालात दाखविला जात नाही, कारण अहवाल भरण्यासाठीच तो खर्ची पडलेला असतो.

'आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत' असे शब्द असलेला आदेश दुपारी दोन वाजता येतो, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. तो आदेश ज्याने काढला तो अधिकारीही अनेकदा निरुपाय असतो. त्याच्याकडे त्याच्या वरच्याने चार वाजेपर्यंत मागणी केलेली असते. कोणी विधानसभेत प्रश्न विचारलेला असतो, कोठे न्यायालयात प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. अविश्वास हा असा वरून खाली झिरपत जातो. मंत्रालयाचा आयुक्तालयावर नाही, आयुक्तालयाचा जिल्ह्यावर नाही, जिल्ह्याचा तालुक्यावर नाही, आणि तालुक्याचा शाळेवर नाही. शेवटच्या पायरीवरचा शिक्षक तो मुलांवर उतरवितो. मूल मात्र तो कोणावर उतरविणार?

मदत करणारा आणि तपासणारा

मग विश्वास म्हणजे काय? डोळे मिटून पैसा देणे आणि हिशेब न विचारणे, असा त्याचा अर्थ घेतला तर २०११ ची पुनरावृत्ती होईल. ज्याच्याकडून खरी अडचण कळेल त्यास ती सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि अडचण कळल्यावर काही मदत होईल, ही खात्री म्हणजे विश्वास. ही खात्री भाषणांनी निर्माण होत नाही. व्यवस्थेने निर्माण होते, आणि व्यवस्था दीर्घकाळ तशीच वागली तर टिकते.

याचा विचार या देशात पूर्वीच झालेला आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचा निकट संबंध होता आणि खेड्यातली शाळा त्यांनी कागदावर पाहिलेली नव्हती. त्या आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. जवळपासच्या प्राथमिक शाळा एका माध्यमिक शाळेशी जोडाव्यात, त्यांनी साधने व अनुभव यांची देवाणघेवाण करावी, आणि वरच्या खात्याने त्या संकुलास निर्णयाचे बरेच अधिकार सोपवावेत, अशी ती कल्पना होती. शाळा एकाकी असते म्हणून ती भिते, आणि भिते म्हणून लपविते. तिला शेजार मिळाला तर ती सुधारण्याचे धाडस करील, हे त्यामागचे मर्म.

महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या मध्यास केंद्रशाळांची पद्धत आली आणि सुमारे ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. केंद्रप्रमुखाने आपल्या दहा-बारा शाळांत जावे, वर्गात बसावे, एखादा पाठ स्वतः घेऊन दाखवावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतील कित्येक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि जी भरली त्यांवरील माणूस हळूहळू टपालवाला बनला. वरून आलेली मागणी खाली पोहोचवावयाची आणि खालचे तक्ते वर पाठवावयाचे, हेच त्याचे काम होऊन बसले. मदतीसाठी निर्माण केलेले पद तपासणीच्या यंत्राने गिळले.

याच्या उलट अनुभवही महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी २०१५ च्या आधीच्या काही वर्षांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. तेथे विस्तार अधिकारी शिक्षकांच्या मागे शेरेबुक घेऊन लागल्या नाहीत. त्यांच्याबरोबर बसून शिकल्या. वर्गाची जमीन, भिंती, दगड-बिया, काड्या हेच साहित्य झाले. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक स्वखर्चाने ते पाहण्यास गेले. कोणत्याही परिपत्रकाने हे घडले नव्हते. पुढे २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासकीय कार्यक्रम आला तेव्हा या अनुभवाचा त्यात मोठा आधार होता. कार्यक्रमाने अनेक शिक्षकांना उभारी दिली, हे नाकारता येत नाही. परंतु शाळा 'प्रगत' झाल्याची घोषणा करण्याचे निकष ठरले आणि किती शाळा प्रगत झाल्या याची चढाओढ सुरू झाली, तेव्हा जुन्याच आकड्यांच्या रोगाने डोके वर काढले. जे विश्वासातून उगवले होते ते लक्ष्यांकात मोजले जाऊ लागले. रोप एका शेतात वाढले म्हणून त्याची फर्मानाने सर्व शेतांत लागवड करता येत नाही. माती तयार करावी लागते, आणि त्यास वेळ लागतो.

गावाला आधी विचारा

शाळा आणि प्रशासन या दोघांच्या व्यवहारात तिसरा पक्ष बहुधा विसरला जातो. तो पक्ष पालकांचा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी हाच पक्ष मांडला होता. शेतकऱ्याच्या करातून तिजोरी भरते आणि त्याच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, ही त्यांची तक्रार होती. आजही ज्याचा पैसा आणि ज्याचे मूल, त्यालाच निर्णय सर्वांत शेवटी कळतो.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे शासनाने ठरविले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळांची संख्या १४,७८३ सांगण्यात आली. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील उदाहरणे समोर ठेवण्यात आली. आता या कल्पनेत काहीच तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहा मुलांच्या शाळेत मुलाला सोबती मिळत नाहीत, खेळास गडी मिळत नाहीत. चांगली वाहतूक आणि चांगली शाळा मिळाली तर कित्येक आईबाप राजीही होतील. परंतु पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम शिक्षणहक्क कायद्याखालीच झालेला आहे. पावसाळ्यात ओढा भरला की बस येत नाही, आणि बस आली नाही की प्रथम मुलीचे शिक्षण थांबते. हे वाडीवरच्या बाईला ठाऊक असते. तिला विचारून केलेली समूहशाळा आणि तिला न विचारता बंद केलेली शाळा यांत विटा-सिमेंटचा फरक नसेल, पण पहिलीत ती आपले मूल पाठवील आणि दुसरीच्या बातमीने तिचा पुढल्या प्रत्येक सरकारी शब्दावरचा विश्वास उडेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे २१ वे कलम शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करण्यास सांगते. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. बावीसावे कलम सांगते की समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा आणि शासनाने व स्थानिक संस्थेने आपली योजना व अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरवावे. ही शेवटची तरतूद फारच थोड्यांनी वाचलेली आहे. नियोजन खालून वर जावे, असे कायदा सांगतो. व्यवहारात अनुदान वरून ठरते आणि त्याच्या मापाने आराखडा खाली शिवला जातो. गणवेशाचे जे झाले तेच आराखड्याचे होत आले आहे.

काय करावे

साथींनो, निदान करून थांबणे सोपे असते. म्हणून चार गोष्टी नेमकेपणाने सांगणे अवश्य आहे.

पहिली, माहितीसंबंधी. एकदा दिलेली माहिती शासनाच्या कोणत्याही कार्यालयाने शाळेकडून पुन्हा मागू नये. हवी असल्यास आपल्याच दुसऱ्या कार्यालयाकडून घ्यावी. आणि जे मूल वर्गात प्रत्यक्ष बसलेले आहे ते कागदाअभावी मोजणीतून वगळू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या साक्षीने त्याची नोंद ग्राह्य धरावी.

दुसरी, पैशासंबंधी. अधिकार द्यावयाचा आणि पैसा मार्चअखेर पाठवावयाचा, ही अधिकार न देण्याचीच एक रीत आहे. जूनमध्ये लागणारा पैसा जूनपूर्वी मिळाला पाहिजे. त्याचा हिशेब मात्र शाळेच्या भिंतीवर, सर्वांना वाचता येईल असा, लिहिला पाहिजे. गावासमोर मांडलेला हिशेब हा दहा तपासण्यांपेक्षा कठोर असतो, कारण तेथे दुकानदाराचा भाव सर्वांना माहीत असतो.

तिसरी, मदत आणि तपासणी वेगळी करण्यासंबंधी. केंद्रप्रमुखाकडून तक्ते गोळा करण्याचे काम काढून घ्यावे. त्याच्यापाशी शिक्षकाने 'माझी चौथीची नऊ मुले वाचू शकत नाहीत' असे म्हटले, तर त्याबद्दल नोटीस निघता कामा नये. मदत निघाली पाहिजे. चोरी, खोटा पट, सततची गैरहजेरी यांसाठी स्वतंत्र चौकशी असावी, ती त्वरित व्हावी आणि तिच्यात वर सही करणाऱ्यासही जबाबदार धरावे.

चौथी, परस्परतेसंबंधी. शाळेने मुदत पाळावयाची असेल तर खात्यानेही पाळली पाहिजे. शाळेने छप्पर गळते म्हणून पत्र दिले ते कोणत्या तारखेस, त्याचे उत्तर कोणत्या तारखेस, रिक्त पद कधी कळविले आणि कधी भरले, हे पंचायत समितीच्या फलकावर दर तिमाहीस लागले पाहिजे. आजवर हिशेब केवळ खालचा वरच्याला देत आला. एकाच बाजूने वाहणाऱ्या हिशेबास विश्वास म्हणत नाहीत.

यांतील बरेचसे काम शासनाने करावयाचे आहे आणि त्यासाठी लढावेही लागेल. पण सर्वच शासनावर टाकून कार्यकर्त्यास मोकळे होता येणार नाही. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा शाळा लोकांच्या हाती आली असे अनेकांना वाटले. ती पुन्हा फायलीत कशी गेली, याचे एक कारण असे की लोकांच्या बाजूने बोलणारी माणसे बदल्यांच्या शिफारशी घेऊन जिल्हा परिषदेत गेली, शाळेच्या सभेला मात्र बसली नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीची सभा आज पुष्कळ गावांत घरोघरी वही फिरवून सह्या घेऊन होते. सह्या करणाऱ्या आयांना सभेत बसावयाचे असते हेच कोणी सांगितलेले नसते. खोटा पट वाईट, तशी ही खोटी सभाही वाईट. आणि तिच्याकडे काणाडोळा करणारा कार्यकर्ता त्या खोटेपणात वाटेकरी आहे.

म्हणून येथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या वा वस्तीच्या एका शाळेचे तरी एवढे करावे. समितीची पुढची सभा कधी आहे ते विचारावे आणि तिला हजर राहण्यास दोन आयांना घेऊन जावे. शाळा विकास आराखडा वाचावयास मागावा. मुख्याध्यापक बहुधा दचकतील. हा कोण तपासणारा आला, असे त्यांना वाटेल. त्यांना सांगावे की तपासण्यास नव्हे, तुमचे जे पत्र तालुक्याच्या कार्यालयात पडून आहे त्याचा जावक क्रमांक घेण्यास आलो आहे. तो क्रमांक घेऊन तालुक्यास जावे, आणि पत्राचे काय झाले ते परत येऊन गुरुजींना आणि त्या दोन आयांना सांगावे. काम झाले नसेल तरी सांगावे. पुढच्या सभेला त्या आया कोणी न बोलावता येतील.